चळतीतली कविता: मराठी पुस्तकांतून नुसती यादीच का निघते?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कोथरूडमधल्या तुमच्या सोसायटीच्या वाचनालयात सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन तुम्ही एक खेळ मांडलात. पुस्तकं आडवी, एकावर एक रचायची आणि कण्यांवरची नावं वरून खाली वाचून त्यांची कविता करायची. इंग्रजी पुस्तकांतून बऱ्यापैकी ओळी निघाल्या. मराठीतून मात्र 'धग, पाचोळा, वावटळ, पाणी' एवढंच हाती आलं. तुम्ही विचारताय की मराठी नावं या खेळाला चालत नाहीत का, मध्ये एखादा शब्द आपल्या पदरचा घातला तर बिघडतं का, आणि फोटो वेडेवाकडे का येतात.

चालतात. उत्तम चालतात. मुलांना तुम्ही कादंबऱ्यांच्या कपाटासमोर बसवलंत, सगळी अडचण तिथे आहे.

मराठी कादंबरीला एका शब्दाच्या नावाची भारी हौस. रणांगण (१९३९), बनगरवाडी (१९५५), ययाती (१९५९), कोसला (१९६३). एकेक नाव खणखणीत, पण अशी चार नावं एकाखाली एक ठेवली की वाक्य होत नाही. वाण्याकडच्या यादीत साखर, गूळ, तेल असतं, तसं ते वाचलं जातं. इंग्रजीत वाक्य जोडणारे शब्द सुटे असतात आणि नावांतच ते भरपूर सांडलेले असतात, म्हणून तिथे जोडकाम लवकर जमतं. आपल्याकडे जोडणी शब्दाच्या पोटात असते. वाडा आणि वाड्यात, तळं आणि तळ्याकाठी. कण्यावर 'वाडा' छापलेलं असेल तर त्याला 'त' चिकटवायची सोय नाही. मग करायचं काय, तर ज्या नावांना प्रत्यय आधीच लागलेला आहे किंवा ज्यांच्या पोटात क्रियापद आहे, ती नावं हुडकायची. ती कमी असतात, म्हणून तीच आधी गोळा करायची. नामं कधीही मिळतात.

ही नावं कुठे मिळतात? नाटकांच्या कपाटात. हे मी कार्यशाळेत पहिल्या दहा मिनिटांत सांगतो आणि दर वेळी लोकांना नवल वाटतं. मराठी नाटककारांनी नावं ठेवताना सरळ बोलणारी वाक्यं ठेवली. 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'तो मी नव्हेच' (दोन्ही १९६२ ची), 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'वीज म्हणाली धरतीला', 'सुंदर मी होणार', 'तुझे आहे तुजपाशी', 'इथे ओशाळला मृत्यू'. यांतलं एकेक नाव म्हणजे तयार इंजिन आहे, नामांचे डबे मागे जोडायचे. माझा अंदाज असा की नाटकाचं नाव जाहिरातीत आणि तिकीटबारीवर तोंडाने उच्चारलं जाणार असतं, म्हणून ते बोलण्याच्या चालीवर येतं. कादंबरीवर ती सक्ती नसते.

आता 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाव घ्या. त्यात 'जेव्हा' आहे, म्हणजे मराठी कान लगेच 'तेव्हा'ची वाट बघायला लागतो. खाली कुठलंही पुस्तक ठेवा, ते आपोआप 'तेव्हा' होतं:

रायगडाला जेव्हा जाग येते
खूप लोक आहेत

वसंत कानेटकरांच्या ऐतिहासिक नाटकाखाली श्याम मनोहरांची कादंबरी. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा शोधलेल्या कुठल्याही पुणेकराला ही कविता समजावून सांगावी लागत नाही.

'वीज म्हणाली धरतीला' याचा उपयोग वेगळा. 'म्हणाली' आलं की पुढचं सगळं विजेचं बोलणं होतं. कुसुमाग्रजांनी, म्हणजे नाटककार शिरवाडकरांनी, हे नाव झाशीच्या राणीवरच्या नाटकाला दिलं. त्याच्याखाली पुलंचं नाटक ठेवा आणि तळाला रा. रं. बोराड्यांची कादंबरी:

वीज म्हणाली धरतीला
सुंदर मी होणार
पाचोळा

तुमच्या मुलांच्या यादीतलाच हा 'पाचोळा'. तिथे तो नुसता पडून होता, इथे त्याने दोन ओळींचा सगळा तोरा उतरवला. नामं टाकाऊ नसतात. ती शेवटी एकटी यावीत, वर काहीतरी घडून गेल्यावर.

दोन ओळींतही काम भागतं. 'नटसम्राट' वर, 'तो मी नव्हेच' खाली. किंवा 'दासबोध' वर आणि पाडगावकरांचा 'उदासबोध' खाली. हसू येतं आणि मग जरा वेळाने येत नाही. मुलांच्या प्रत्येक गटाला सगळ्यांत आधी काय सापडतं तेही सांगतो. मिलिंद बोकिलांची 'शाळा', तिच्याखाली प्रकाश नारायण संतांचा 'वनवास'. हे सापडलं की खोलीत दंगा होतो, होऊ द्यावा. दंगा ओसरला की विचारायचं, 'बरं, आता तिसरं पुस्तक कुठलं?' कोणीतरी 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणतं. तिथून खरा खेळ सुरू होतो, कारण आता मुलं पुस्तक 'ऐकून' आणायला लागलेली असतात.

हाक मारणारी नावंही बाजूला काढून ठेवा. 'हे ईश्वरराव हे पुरुषोत्तमराव' किंवा गौरी देशपांडेंचं 'निरगाठी आणि चंद्रिके गं सारिके गं'. हाक वर ठेवली की खालची प्रत्येक ओळ त्या माणसाला उद्देशून होते, कवितेला एक ऐकणारा मिळतो. आणि प्रश्न. ह. ना. आपट्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'पण लक्षात कोण घेतो' असं नाव ठेवून आपल्या सगळ्यांवर उपकार करून ठेवले आहेत. हे पुस्तक तळाला ठेवलं की वर काहीही असो, कविता होते. म्हणूनच मी त्यावर बंदी घातलेली आहे! निदान पहिल्या तासापुरती. नाहीतर वीसच्या वीस मुलं तीच शेवटची ओळ घेऊन येतात.

बंदी उठल्यावर नववीतल्या एका मुलीने रचलेली चळत मात्र मी अजून कार्यशाळेत दाखवतो:

वाडा चिरेबंदी
बिढार
घर हरवलेली माणसं
पण लक्षात कोण घेतो

तिच्या आजोबांचा नारायण पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला होता. तिने ते कवितेत कुठेही सांगितलेलं नाही, सांगायची सोयही नव्हती. एलकुंचवार, नेमाडे, व. पु. काळे आणि आपटे, या चौघांना एका ओसरीवर बसवलं आणि त्यांनीच सांगितलं. 'वाडा'पासून 'बिढार'पर्यंत एका ओळीत कोसळणं आहे, ते बघा. चिरेबंदी घर एकदम पाठीवरचं बिऱ्हाड होतं. मधे 'पाडला' असं क्रियापद असतं तर हे इतकं लागलं नसतं.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नाही, पदरचा शब्द घालू नका. 'आणि'सुद्धा नाही. आपल्याकडे समस्यापूर्तीची जुनी रीत होती. कोणीतरी अडचणीचा चरण द्यायचा आणि कवीने उरलेले चरण असे रचायचे की तो शेवटी सहज बसावा. दिलेला चरण बदलायची मुभा मिळाली तर समस्या कसली आणि पूर्ती कसली? कण्यावर जे छापलंय तेवढंच घ्यायचं. उपशीर्षक कण्यावर असेल तर ते तुमचं, नुसतं मुखपृष्ठावर असेल तर नाही. उद्गारचिन्ह असेल तर तेही वाचताना पाळायचं. कागदाची चिठ्ठी चिकटवून नाव 'दुरुस्त' करणारे हौशी लोक मी पाहिले आहेत, ते मग सरळ वहीत कविता का लिहीत नाहीत कोण जाणे.

विशेषणं हा मराठीतला खास मौजेचा भाग आहे, कारण आपल्याकडे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे फिरतं. इंग्रजीत कुठलंही विशेषण कुठल्याही नामावर बसतं, मराठीत ते जुळावं लागतं आणि जुळलं की सांधा दिसत नाही. जी. ए. कुलकर्ण्यांचे दोन कथासंग्रह वर-खाली ठेवा, 'निळासावळा' आणि 'पारवा'. दोन पुस्तकं आहेत हे डोळ्यांना दिसतं, कानाला एकच पक्षी ऐकू येतो. लक्ष्मण मान्यांचा 'उपरा' आणि मनोहर तल्हारांचा 'माणूस' यांचंही तसंच. मुलांना व्याकरणाच्या तासाला लिंग-वचन शिकवताना जे डोक्यात शिरत नाही, ते इथे 'उपरा' खाली 'वही' ठेवून बघितल्यावर लगेच शिरतं. कान कुरकुरतो.

अर्ध्यावर तोडलेली नावं जपून वापरा, पण वापराच. सुनीता देशपांड्यांच्या 'आहे मनोहर तरी' या नावात पुढचे दोन शब्द, 'गमते उदास', गाळलेले आहेत आणि मराठी वाचक ते मनातल्या मनात पुरे करतो. एका गृहिणी-मंडळाच्या कार्यशाळेत ही चळत तयार झाली:

बारोमास
रुचिरा
धग
आहे मनोहर तरी

'बारोमास' ही सदानंद देशमुखांची शेतकऱ्याच्या जगण्यावरची कादंबरी, 'रुचिरा' हे कमलाबाई ओगल्यांचं १९७० पासून घराघरांत असलेलं पाककृतींचं पुस्तक, 'धग' उद्धव शेळक्यांची. चौथ्या ओळीनंतर खोलीत कोणीच काही बोललं नाही, मग एक आजी 'गमते उदास' एवढं पुटपुटल्या. कवितेची पाचवी ओळ वाचणाऱ्याकडे होती. मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा' (जनाबाईंचा अभंग) किंवा नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' (गीतरामायण) यांच्यामागेही अशीच न छापलेली ओळ उभी असते.

'रुचिरा'वरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की चांगली 'साहित्यिक' पुस्तकं तेवढी निवडली. ती चाळणी काढून टाका. स्वयंपाक, पंचांग, आयकर, होमिओपॅथी, दहावीचं गाइड, सगळं टेबलावर येऊ द्या. उलट जी. ए. आणि ग्रेस यांची पुस्तकं मी सुरुवातीला बाजूला ठेवायला सांगतो. 'सांजशकुन', 'काजळमाया', 'पिंगळावेळ', 'संध्याकाळच्या कविता', 'चंद्रमाधवीचे प्रदेश' ही नावं कशीही रचा, काहीतरी गूढ आणि सुंदर ऐकू येतं. त्यात रचणाऱ्याचं कर्तृत्व शून्य. गोड तर लागतं, पण कशाविषयी आहे ते विचारलं की कोणाला सांगता येत नाही. अशा एका नावाला दोन रोखठोक नावांच्या मधे बसवा, मग ते उजळतं. पावसाच्या नावांचंही हेच. 'ऋतुचक्र', 'पावसाळी कविता', 'वाऱ्याने हलते रान', 'पानझड' एवढं जमवून लोक खूश होतात, ते दिनदर्शिकेच्या पानासारखं दिसतं. त्यातलं एकच ठेवा:

पावसाळी कविता
भिजकी वही
उत्सुकतेने मी झोपलो

महानोर, कोलटकर, श्याम मनोहर. तिसऱ्या ओळीत माणूस आला आणि पावसाला घर मिळालं.

आणखी एक युक्ती, फार कमी लोक वापरतात. एकाच नावाची दोन पुस्तकं शोधा. 'युगान्त' इरावती कर्व्यांचं आहे आणि एलकुंचवारांचंही. 'एल्गार' ही श्री. ना. पेंडशांची कादंबरी आहे आणि सुरेश भटांचा गझलसंग्रहही. एक वर, एक खाली ठेवलं की धृपद मिळतं, आणि कण्यांचे रंग-टाइप वेगळे असल्याने तीच ओळ दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात येते.

ओळी तीन ते सहा. त्यापुढे चळतही डुगडुगते आणि कविताही.

या प्रकाराचा इतिहास तुम्ही विचारला नाहीत, पण एक गोष्ट कामाची आहे. नीना कात्चादुरियन या अमेरिकेतल्या कलावतीने १९९३ मध्ये 'सॉर्टेड बुक्स' नावाचा प्रकल्प सुरू केला. ती एखाद्याच्या घरचा किंवा एखाद्या संस्थेचा संग्रह घेते, त्यातलीच पुस्तकं रचते आणि फोटो काढते. त्यामुळे चळत ही त्या संग्रहाच्या मालकाचंही चित्र होते. मुलांना हे फार आवडतं. सोसायटीतल्या प्रत्येक घरातून जे असेल ते आणायला सांगा, दुसऱ्याकडून उसनं आणायचं नाही. एका घरातून 'गीतारहस्य', 'मृत्युंजय' आणि 'बटाट्याची चाळ' येईल, दुसऱ्यातून नुसती स्पर्धा-परीक्षेची. दुसऱ्या घराची कविता कमी प्रतीची निघते असं मुळीच नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या', 'कोंडवाडा' ही दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांची पुस्तकं, ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी ती आयुष्य मोजून ठेवली आहेत. एका कार्यशाळेत वाचनालयाचं पुस्तक परत न करणाऱ्यावर विनोद म्हणून कोणीतरी 'उचल्या' खाली ठेवलं, आजूबाजूला हशा झाला. मी ती चळत मोडायला लावली नाही. पुस्तक त्याच्या हातात दिलं, पहिली काही पानं तिथेच मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने नंतर स्वतःच पुस्तक काढून घेतलं. नाव वापरण्याआधी निदान पुस्तक कशाविषयी आहे ते माहीत हवं, एवढा नियम मुलांनाही लावा. त्याने विनोद कमी होत नाहीत. नेमके होतात.

फोटोचं. आपल्याकडच्या बहुतेक नव्या पुस्तकांवर नाव कण्याच्या वरून खाली छापलेलं असतं, म्हणजे मुखपृष्ठ वर ठेवून पुस्तक आडवं टाकलं की नाव सरळ वाचता येतं. काही जुन्या पुस्तकांवर ते खालून वर असतं, ती पालथी टाकावी लागतात. एवढं न बघितल्यानेच निम्मे फोटो उलटसुलट येतात. कणे पुढून एका रेषेत आणा, मागून कितीही पुढे-मागे असू देत. जाड पुस्तक खाली ठेवायचा मोह होतो, पण ओळ वर हवी असेल तर ते वरच ठेवा आणि मागे भिंतीचा आधार द्या. जाडी महत्त्वाची आहे, कारण जाड कण्यावर टाइप मोठा आणि ती ओळ मोठ्याने ऐकू येते. 'भिजकी वही'सारखं जाडजूड पुस्तक मधे आलं की कविता तिथे थांबून श्वास घेते. फोन चळतीच्या मध्याच्या उंचीवर धरा, दोन पावलं मागे जा आणि तिथून झूम करा. जवळ जाऊन काढलात तर वरच्या-खालच्या ओळी वाकतात. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, त्यापेक्षा खिडकीचा उजेड बरा.

दोन अडचणींवर इलाज नाही. चौसष्ट-ऐंशी पानांच्या कवितासंग्रहांना बहुतेकदा नाव छापण्याएवढा कणाच नसतो, त्यामुळे कवितेच्या या खेळात कवीच सगळ्यांत जास्त बाहेर राहतात. आणि जुन्या वाचनालयांतली पुस्तकं रेक्झिनमध्ये पुन्हा बांधलेली असतात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. इतक्या जुन्या संस्थांत पुस्तक टिकवायचं तर बाइंडिंग हवंच, मग कण्यावर मूळ अक्षरं जाऊन नुसता क्रमांक उरला तरी तक्रार करू नये. अशा ठिकाणी नावं वहीत उतरवून घ्या, कविता जुळवा आणि फोटोपुरत्या प्रती घरोघरून मागवा. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात रचायचं असेल तर दुपारी जा, जूनमध्ये मुळीच जाऊ नका आणि आधी विचारा. निघताना एखादं पुस्तक विकत घ्या, बरं दिसतं.

कोणी हक्कांची शंका काढली तर काळजी नको. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या नावावरून चाललेल्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. तरी २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला फोटो लावणार असाल, तर प्रत्येक फोटोखाली पुस्तकांची आणि लेखकांची नावं ओळीने द्या. कण्यावर लेखकाचं नाव बारीक असतं, लांबून वाचता येत नाही आणि 'हे पुस्तक कोणाचं?' असं विचारणारे दोन-चार जण हमखास निघतात. त्यांना ते पुस्तक तुमच्याच वाचनालयातून द्यायचं आहे ना!

आणि मुलांना पुस्तकं परत कपाटात लावू देऊ नका. हौसेने लावतात, पण भलत्या खणात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं. टेबलावर नाटक, कादंबरी, इतर असे तीन ढीग करून ठेवा, नोंदवही सांभाळणारे लावतील.